विश्लेषण : जांभई देताना जबडा ‘कट्’ वाजतो? जबड्याच्या सांध्याचे दुखणे नेमके काय असते आणि उपचारांत घाई का नको?

सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो. वडापावचा घास घेण्यासाठी तोंड उघडावे तर कानाच्या पुढे ‘कट्’ असा आवाज येतो. दुपारपर्यंत कानशिले ठणकू लागतात. कुणाला वाटते कान दुखतोय, कुणाला अक्कलदाढेचा संशय येतो, तर कुणी मायग्रेन समजून गोळ्या घेत राहतो. मग कानाचे डॉक्टर, दातांचे डॉक्टर, मेंदूविकारतज्ज्ञ अशी फेरी सुरू होते. कानात काही सापडत नाही आणि दातही ठीक असतात. दुखणे मात्र तसेच राहते.

अशा अनेकांच्या त्रासाचे मूळ कानाच्या अगदी पुढे असलेल्या एका छोट्या सांध्यात किंवा तो हलवणाऱ्या स्नायूंत असते. वैद्यकीय भाषेत या तक्रारींना टेम्पोरोमँडिब्युलर डिसऑर्डर्स, म्हणजेच टीएमडी म्हणतात. बहुतेकांचा त्रास साध्या उपायांनी काही आठवडे किंवा महिन्यांत कमी होतो. धोका असतो तो घाबरून घेतलेल्या आणि पुन्हा मागे फिरवता न येणाऱ्या उपचारांचा. दुसरीकडे, ‘सांध्याचेच असेल’ म्हणून काही गंभीर आजारांकडे दुर्लक्ष होण्याचाही धोका असतो. हा फरक कसा ओळखायचा, ते समजून घेऊ.

हा सांधा कुठे असतो आणि कसा चालतो?

दोन्ही कानांच्या पुढे एकेक बोट ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा. बोटाखाली जे सरकताना जाणवते तो जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याचे हाड आणि कवटीचे कानाजवळचे हाड इथे एकत्र येतात. दोन हाडांच्या मध्ये तंतुमय कूर्चेची एक लहान चकती असते. ती गादीसारखे काम करते.

दाराची बिजागरी फक्त फिरते. टेबलाचा खण फक्त सरकतो. जबड्याचा सांधा ही दोन्ही कामे करतो. तोंड थोडे उघडले की तो बिजागरीसारखा फिरतो आणि मोठे उघडले की खणासारखा पुढे सरकतो. शिवाय डावा आणि उजवा सांधा एकाच हाडाला जोडलेले असल्याने दोघांना एकाच वेळी चालावे लागते. एका बाजूला बिघाड झाला की दुसऱ्या बाजूवरही ताण येतो. सांधा हलवण्याचे काम गालातला मासेटर, कानशिलावरचा टेम्पोरालिस आणि आतल्या बाजूचे काही स्नायू करतात. बोलणे, चावणे, गिळणे, जांभई असे हे यंत्र दिवसभर सुरूच असते.

टीएमडी म्हणजे एकच आजार आहे का?

नाही. ही अनेक तक्रारींची एक मोठी पिशवी आहे. सोयीसाठी तिचे तीन कप्पे करता येतात. पहिला स्नायूंच्या दुखण्याचा. यात जबड्याचे स्नायू थकतात, आखडतात आणि गाल किंवा कानशील दाबले की दुखते. हा प्रकार सर्वाधिक आढळतो. दुसरा कप्पा चकती जागेवरून सरकण्याचा आणि तिसरा सांध्याच्या झिजेचा किंवा संधिवाताचा. एकाच व्यक्तीला यातले दोन प्रकार एकत्रही असू शकतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय दंत व मुखसंशोधन संस्थेच्या माहितीनुसार लोकसंख्येत टीएमडीचे प्रमाण ५ ते १२ टक्के आहे. पाठ किंवा गुडघेदुखीसारखे दीर्घकालीन त्रास वयाबरोबर वाढतात. टीएमडी मात्र तुलनेने तरुण वयात अधिक दिसतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण जास्त आहे.

‘कट्’ आवाज म्हणजे सांधा बिघडला का?

गरजेचे नाही. तोंड उघडताना पुढे सरकलेली चकती पुन्हा हाडावर बसते तेव्हा असा आवाज येऊ शकतो. आवाज येतो, पण दुखत नाही आणि तोंड पूर्ण उघडते, अशी स्थिती खूप लोकांत आढळते. तिला सहसा उपचार लागत नाहीत. एमआरआयमध्ये चकती सरकलेली दिसली म्हणून लगेच घाबरण्याचेही कारण नाही. कोणताही त्रास नसलेल्या अनेकांच्या एमआरआयमध्येही तसे दिसते. त्यामुळे उपचार करायचे ते त्रासावर, नुसत्या फोटोवर नव्हे.

लक्ष द्यायचे ते आवाजासोबत दुखत असेल, जबडा अडकत असेल किंवा तोंड आधीपेक्षा कमी उघडत असेल तर. घरच्या घरी एक ढोबळ चाचणी करता येते. स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे एकत्र करून, उभी धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये सहज बसतात का, ते पाहा. प्रौढ माणसाचे तोंड साधारणपणे ४० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उघडते. तीनऐवजी दोनच बोटे बसत असतील तर तपासणी करून घ्यावी. जोर लावून तिसरे बोट घुसवण्याचा प्रयत्न करू नये.

हा त्रास कशामुळे होतो?

एक बोट ठेवून ‘हेच कारण’ असे सांगता येत नाही. अमेरिकेत ‘ओपेरा’ नावाच्या मोठ्या संशोधन प्रकल्पात टीएमडी नसलेल्या सुमारे २,७०० प्रौढांवर काही वर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्यांच्यात दरवर्षी सुमारे ४ टक्के लोकांना नव्याने टीएमडी सुरू झाला. ज्यांची झोप बिघडत गेली होती, ज्यांना शरीरात इतरत्र दुखणी होती, ज्यांच्यावर मानसिक ताण होता, त्यांच्यात हा धोका जास्त आढळला. म्हणजे प्रश्न फक्त सांध्याचा नसतो. झोप, ताण आणि वेदना जाणवण्याची शरीराची पद्धत यांचाही त्यात वाटा असतो.

याखेरीज जबड्याला लागलेला मार, दंतोपचारासाठी बराच वेळ तोंड उघडे ठेवणे, संधिवात आणि दात आवळण्याची सवय ही कारणे सापडतात. झोपेत करकर दात खाण्याची सवय घरच्यांच्या लक्षात येते. दिवसा दात आवळून धरण्याची सवय मात्र स्वतःच्याही लक्षात येत नाही. लॅपटॉपवर कोड लिहिताना, ट्रॅफिकमध्ये दुचाकी चालवताना किंवा मोबाइलवर गेम खेळताना ती बळावते. खरे तर जेवण आणि गिळण्याचे क्षण सोडले तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकण्याची गरजच नसते. नैराश्यावरच्या काही औषधांनीही दात खाण्याचे प्रमाण वाढू शकते. अशी शंका आल्यास औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांशी बोलावे.

समाजमाध्यमांवरच्या ‘जॉलाइन’च्या वेडाचाही इथे उल्लेख हवा. चेहरा कोरीव दिसावा म्हणून तासन् तास कडक च्युइंगगम चघळणे किंवा रबरी गोळा चावण्याचे व्यायाम करणे म्हणजे आधीच कामात असलेल्या स्नायूंवर जादा भार टाकणे. ज्यांचा जबडा दुखतो, त्यांनी यापासून दूरच राहावे.

दातांची ठेवण हेच कारण आहे, असे का सांगितले जाते?

याचे मूळ जवळपास नव्वद वर्षे मागे जाते. १९३४ मध्ये अमेरिकेतील सेंट लुइस इथले कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी ११ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. मागच्या दाढा गेल्याने जबडा जास्त मिटतो, सांध्यावर दाब येतो आणि त्यातून कानदुखी, कानात आवाज, डोकेदुखी होते, अशी त्यांची मांडणी होती. कान आणि जबडा यांचा संबंध त्यांनी ठळकपणे पुढे आणला. त्यांनी दिलेले शरीररचनेचे स्पष्टीकरण मात्र पुढे टिकले नाही.

तरीही ‘दात नीट जुळत नाहीत म्हणून सांधा दुखतो’ ही कल्पना अनेक दशके रुजून राहिली. दात घासून त्यांची उंची बदलणे, पूर्ण तोंडात कॅप बसवणे असे उपचार त्यातून आले. दातांच्या चुकीच्या ठेवणीमुळे किंवा ब्रेसेसमुळे टीएमडी होतो, याला वैज्ञानिक पुरावा नसल्याचे अमेरिकेची राष्ट्रीय संस्था आज स्पष्ट सांगते. वाकडे दात सरळ करण्याची इतर कारणे असू शकतात. पण ‘सांधा दुखतो म्हणून आधी सगळे दात बदला’ असा सल्ला मिळाला तर थांबून दुसरे मत घ्यावे.

घाईच्या उपचारांनी कधी नुकसान झाले आहे का?

झाले आहे, आणि तेही मोठ्या प्रमाणावर. १९८० च्या दशकात अमेरिकेत सरकलेली चकती काढून तिच्या जागी टेफ्लॉनयुक्त कृत्रिम तुकडा बसवण्याच्या शस्त्रक्रिया लोकप्रिय झाल्या. चावण्याच्या दाबाखाली ते तुकडे झिजू आणि तुटू लागले. सुटलेल्या कणांवर शरीराने प्रतिक्रिया दिली आणि आजूबाजूचे हाड झिजले. अनेक रुग्णांच्या वेदना आधीपेक्षा वाढल्या आणि त्यांच्यावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. अखेर १९९०-९१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने धोक्याचा इशारा दिला आणि ती इम्प्लांट बाजारातून गेली.

याचा अर्थ शस्त्रक्रिया कधीच नको, असा नाही. सांधा हाडाने जुळून गेला असेल, गाठ असेल, गंभीर झीज असेल तर ती आवश्यकच ठरते. आज कृत्रिम सांधेही अधिक चांगल्या दर्जाचे आहेत. पण ती पहिली पायरी नव्हे.

आताच्या मार्गदर्शक सूचना काय सांगतात?

डिसेंबर २०२३ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने तीन महिने किंवा अधिक काळ चाललेल्या टीएमडीच्या वेदनांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्या ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटात तज्ज्ञांबरोबर रुग्णही होते. त्यांनी ठाम शिफारस केली ती साध्या वाटणाऱ्या उपायांची : त्रास नीट समजावून सांगणे आणि धीर देणे, घरी करायचे व्यायाम, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली जबड्याचे आणि शरीराच्या ठेवणीचे व्यायाम, हाताने आखडलेले स्नायू मोकळे करणे आणि वेदनेकडे पाहण्याची पद्धत व सवयी बदलणारी वर्तन उपचार पद्धती, म्हणजेच सीबीटी.

चकती काढण्याची शस्त्रक्रिया आणि दातांची ठेवण कायमची बदलणारे स्प्लिंट यांच्या विरोधात या गटाने तितकीच ठाम भूमिका घेतली. साध्या वेदनाशामकांना अफूजन्य औषधांची जोड देण्यालाही स्पष्ट नकार दिला.

मग नाइट गार्ड आणि बोटॉक्सचे काय?

रात्री दातांवर बसवायचा प्लास्टिकचा गार्ड हा अनेकदा सुचवला जाणारा उपाय आहे. दात खाण्याची सवय असलेल्यांचे दात झिजण्यापासून तो वाचवू शकतो. दीर्घकालीन वेदना कमी करण्यासाठी मात्र २०२३ च्या सूचनांनी तो नेहमीचा उपाय म्हणून सुचवलेला नाही. काढता-घालता येणारे गार्ड, बोटॉक्स, लेझर, सांधा धुण्याची प्रक्रिया, स्टिरॉइडचे इंजेक्शन या सगळ्यांबाबत ‘सर्वसाधारणपणे नको, विशिष्ट रुग्णात विचार होऊ शकतो’ अशा स्वरूपाचा सल्ला आहे. काही डॉक्टर आणि रुग्णांचा अनुभव वेगळा असू शकतो. म्हणून गार्ड घ्यायचाच असेल तर तो दंतवैद्याकडून मापाने करून घ्यावा आणि अधूनमधून तपासून घ्यावा. गार्ड वापरू लागल्यावर दात जुळण्याची पद्धत बदलल्यासारखी वाटली तर वापर थांबवून लगेच दाखवावे.

घरी काय करता येईल?

ओठ मिटलेले, दात सुटे : ‘न’ म्हणताना जीभ वरच्या पुढच्या दातांमागे टाळूला जिथे टेकते, तिथे ती अलगद ठेवा. ओठ मिटा, दात सुटे ठेवा. विश्रांतीत जबडा असाच असावा. फोनवर दर तासाला एक रिमाइंडर लावा. तो वाजला की दात आवळलेत का, खांदे वर ओढलेत का, एवढेच तपासा.

मऊ खाणे : त्रास जास्त असताना काही दिवस खिचडी, मऊ भात, उपमा, वरणात कुस्करलेली पोळी असा आहार घ्या. ऊस, चिक्की, कडक बुंदीचे लाडू, सुके खोबरे, भाजलेले कणीस आणि च्युइंगगम टाळा. सफरचंद किंवा पेरू थेट चावण्याऐवजी लहान फोडी करा. महिनोन् महिने फक्त पातळ खाणे मात्र योग्य नाही. स्नायूंना हलके कामही हवे असते.

शेक : आखडलेल्या स्नायूंना कोमट, ओलसर कापडाने १५ ते २० मिनिटे शेक द्या. नुकताच मार लागला असेल किंवा अचानक तीव्र दुखू लागले असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ लावा.

जांभईला लगाम : जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरा किंवा जीभ टाळूला टेकवा. तोंड एका मर्यादेपलीकडे उघडणार नाही.

हलका व्यायाम : जीभ टाळूला टेकवून, आरशात पाहत, हनुवटी एका बाजूला न जाऊ देता तोंड हळू उघडा आणि मिटा. पाच-सहा वेळा, दिवसातून काही वेळा पुरे. दुखेपर्यंत ताणू नका. मुद्दाम ‘कट्’ आवाज काढून पाहण्याची सवय सोडा.

फोन आणि झोप : फोन खांदा आणि गालात दाबून बोलू नका. पोटावर झोपल्याने जबड्यावर एका बाजूने दाब येतो, म्हणून पाठीवर किंवा कुशीवर झोपा. झोपेची वेळ सांभाळणे हा या आजारात उपचाराचाच भाग आहे.

आयबुप्रोफेनसारखी गोळी थोडे दिवस उपयोगी पडू शकते. मात्र आम्लपित्त किंवा अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, हृदयविकार, उच्च रक्तदाब असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तोंड कमी उघडते, पण कारण सांधा नसेल तर?

महाराष्ट्रात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी सुपारीयुक्त पदार्थ, विदर्भातला खर्रा, मावा यांचे सेवन सुरूच आहे. सुपारीमुळे तोंडाच्या आतील अस्तर कडक होत जाते. या आजाराला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुरुवातीला तिखट लागले की आग होते, मग गालाच्या आत पांढुरके, ताठ पट्टे जाणवतात आणि हळूहळू तोंड उघडणे कमी होते. तंबाखू नसलेल्या नुसत्या सुपारीनेही तो होतो. या आजारातून पुढे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो.

टीएमडीत सहसा सांधा किंवा स्नायू दुखतात, तोंडात आग होत नाही. त्यामुळे सुपारी, खर्रा किंवा गुटखा खाणाऱ्याचे तोंड कमी उघडू लागले, तर ‘जबडा धरलाय’ म्हणून शेक देत बसू नये. सुपारी त्याच दिवशी थांबवून मुखरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.

लहान मूल हनुवटीवर पडले तर?

सायकलवरून किंवा जिन्यावरून पडल्यावर हनुवटी फुटते, दोन टाके पडतात आणि सगळे विसरून जातात. पण त्या धक्क्याने कानापुढचे हाड मोडलेले असू शकते. वेळीच लक्ष दिले नाही तर काही मुलांत सांध्याची हाडे एकमेकांना जुळून जातात. तोंड उघडेनासे होते, जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी आत जाते आणि झोपेत श्वास अडखळू शकतो. म्हणून हनुवटीला मार लागल्यानंतर मूल तोंड पूर्ण उघडत नसेल, उघडताना हनुवटी एका बाजूला जात असेल किंवा कानापुढे दुखत असेल, तर एक्स-रे आणि तज्ज्ञांची तपासणी टाळू नये. नंतरच्या महिन्यांतही तोंड किती उघडते यावर लक्ष ठेवावे.

तातडीने डॉक्टरांकडे कधी जावे?

जबड्याच्या दुखण्यासोबत छातीत दाब, घाम, धाप, डाव्या हाताला कळ असेल किंवा चालताना-जिना चढताना जबडा दुखून थांबल्यावर बरे वाटत असेल, तर हे हृदयविकाराचे लक्षण असू शकते. थेट रुग्णालय गाठावे.

पन्नाशीनंतर नव्याने कानशिलात डोकेदुखी, घास चावताना जबडा भरून येणे, नजर अंधुक होणे : हा रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो. उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते.

ताप, गालावर किंवा गळ्याला सूज, गिळायला त्रास : दाढेचा किंवा घशाचा जंतुसंसर्ग असू शकतो.

जखमेनंतर काही दिवसांनी दातखीळ बसणे, मान आखडणे : धनुर्वाताची शंका घ्यावी.

जांभईनंतर तोंड उघडेच राहणे : जबडा निखळला आहे. घरच्यांनी ओढाताण न करता रुग्णालयात न्यावे. तिथे तो हाताने जागेवर बसवता येतो.

तोंडात दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ न भरणारी जखम, मानेत गाठ, चेहऱ्याला बधिरपणा : विलंब न करता तपासून घ्यावे.

कुणाकडे जावे आणि काय विचारावे?

तातडीची लक्षणे नसतील तर दोन ते चार आठवडे घरगुती उपाय करून पाहता येतात. फरक पडला नाही तर दंतवैद्यकातील ओरल मेडिसिन किंवा ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी या शाखेच्या तज्ज्ञांकडे जावे. राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत, तसेच मुंबईत महापालिकेच्या नायर दंत महाविद्यालयात हे विभाग आहेत. जबड्याचे व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट या उपचारात तितकाच महत्त्वाचा असतो.

जाताना कधीपासून दुखते, सकाळी जास्त की संध्याकाळी, काय खाल्ल्यावर वाढते, झोप कशी लागते आणि कोणती औषधे सुरू आहेत, हे फोनमध्ये टिपून ठेवावे. एखादा मोठा उपचार सुचवला गेला तर तीन प्रश्न विचारावेत : माझे दुखणे स्नायूचे, चकतीचे की झिजेचे? हा उपचार मागे फिरवता येतो का? आणि त्याआधी करून पाहता येईल असा सोपा उपाय कोणता? पहिल्या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत दात घासायला, काढायला किंवा शस्त्रक्रियेला होकार देऊ नये. मऊ घास, मोकळे दात आणि पुरेशी झोप यांना मात्र आजपासूनच सुरुवात करता येते.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. निदान व उपचारांसाठी तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)